दोनदा हरूनही चॅम्पियन? कोलंबसचा फुटबॉल, सोलापुरी चादरीवर

२०२५ चा जानेवारी. संक्रांत होऊन आठवडा झाला होता, तरी सोलापुरात होम मैदानावरची गड्डा यात्रेची गर्दी हटायला तयार नव्हती. मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास शेजारच्या तात्यांचा मोबाइल वाजला. नातवाचा व्हिडिओ. हा नातू इंजिनिअरिंग करून अमेरिकेत गेलाय, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत एमएस करतोय. व्हिडिओत मध्यरात्र व्हायला आलेली, तोंडातून वाफा निघताहेत आणि लाल जर्सी घातलेली पोरं रस्त्यात नाचताहेत. खाली ओळ: ‘तात्या, आमचं कॉलेज नॅशनल चॅम्पियन! फुटबॉल!’

तात्यांनी उमेदीची वर्षं मिलमध्ये काढली आणि मिलच्या संघातून कबड्डी खेळली. खेळाचं काही दिसलं की ते सोडत नाहीत. त्यांनी मला हाक मारली, कारण पहाटे उठून परदेशी सामने बघायची खोड मला आहे, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

‘हे बघ, फुटबॉल म्हणतोय आणि बॉल तर हातात धरलाय.’

‘तात्या, अमेरिकेत फुटबॉल म्हणजे निराळाच खेळ.’

‘बरं. कॉलेजच्या मॅचला लाख माणूस येतं म्हणतो. थापा मारतो का?’

‘थापा नाहीत. त्यांच्या स्टेडियमात एक लाख दोन हजारांवर माणूस बसतं.’

‘आणि किती मॅच जिंकले?’

‘सोळापैकी चौदा.’

‘म्हणजे दोनदा हरले? दोनदा हरून चॅम्पियन? मग एकदाही न हरलेले कुठं गेले बे?’

न हरलेला संघ एकच होता आणि त्याला यांनीच शेवटी हरवला, एवढं सांगून मला सुटता आलं असतं. पण मग पुढचा प्रश्न येणारच होता: त्याच संघाकडून हे आधी हरले होते, त्याचं काय? म्हणून म्हटलं, तात्या, एक चादर द्या.

चादर म्हणजे मैदान

सोलापुरी चादर लांबीत अंथरली. दोन्ही टोकांच्या रुंद किनारी मोकळ्या ठेवल्या. गड्ड्यातून आणलेले अकरा फुटाणे एका बाजूला, अकरा शेंगदाणे दुसऱ्या बाजूला. बॉल म्हणून खारीक. आकारही तसाच असतो, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता.

मैदान शंभर यार्ड लांब. यार्डाचा हिशेब क्रिकेट बघणाऱ्याला सोपा जातो, कारण पिच बावीस यार्डांचं असतं. म्हणजे एकामागे एक साडेचार पिचं. दोन्ही टोकांना चादरीच्या किनारीसारखे दहा-दहा यार्डांचे पट्टे, त्यांना एंड झोन म्हणतात. बॉल घेऊन समोरच्याच्या एंड झोनमध्ये शिरलात, की टचडाउन. त्याचे सहा गुण. त्यानंतर लाथ मारून बॉल मैदानाच्या टोकाला उभ्या दोन खांबांमधून घातला, तर आणखी एक. टचडाउनपर्यंत पोचता येत नसेल, तर लांबूनच लाथेनं खांबांमधून बॉल घालायचा. तो फील्ड गोल, त्याचे तीन. गुणांचे आणखी एक-दोन प्रकार आहेत, पण तेवढ्यावाचून आपलं अडत नाही.

खेळाचा खरा जीव आहे तो चार संधींत. ज्याच्याकडे बॉल, त्याला चार प्रयत्न मिळतात आणि त्या चारांत मिळून दहा यार्ड पुढं सरकायचं असतं. एका प्रयत्नाला डाउन म्हणतात. दहा यार्ड, म्हणजे अर्ध्या पिचपेक्षाही कमी. ऐकायला किरकोळ. पण समोर दीडशे-दीडशे किलोची माणसं भिंतीसारखी उभी असतात. दहा यार्ड झाले, की नव्या चार संधी. नाही झाले, तर बॉल दुसऱ्याचा.

तात्या लगेच म्हणाले, ‘चौथी म्हणजे करो या मरो रेड!’

अगदी बरोबर. प्रो कबड्डीत लागोपाठ दोन रेड कोऱ्या गेल्या, की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर रेडर बाद. इथं तीन प्रयत्न फुकट गेले, की चौथ्यावर कप्तानासकट सगळ्यांच्या पोटात गोळा. म्हणून बहुतेक वेळा संघ चौथ्या डाउनला धोका पत्करतच नाही. लाथ मारून बॉल लांब धाडून देतो, म्हणजे समोरच्याला निदान दुरून सुरुवात करावी लागते. कोरी रेड टाकून परत येण्यातला शहाणपणा तो हाच.

कबड्डीत रेड मारणारा आणि पकड करणारा तोच संघ असतो, कसब तेवढं वेगळं. इथं बॉल हातातून गेला, की अकराच्या अकरा माणसं बाहेर जातात आणि पकड करणारी दुसरी अकरा आत येतात. म्हणून एका कॉलेजच्या संघात शंभराच्या आसपास पोरं. या सगळ्यांत क्वार्टरबॅक नावाचा एक गडी असतो. प्रत्येक डाउनला बॉल आधी त्याच्या हातात येतो. पळायचं, कुणाला द्यायचा की लांब फेकायचा, हे त्यानं दोन-तीन सेकंदांत ठरवायचं, तेही अंगावर माणसं धावून येत असताना.

आणि पायाचा संबंध? १८६९ साली रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांत पहिला आंतरकॉलेज सामना झाला, तेव्हा खेळ बराचसा आपल्या ओळखीच्या फुटबॉलसारखाच होता, बॉल हातात घेऊन पळता येत नव्हतं. पुढं १८८० च्या दशकात वॉल्टर कॅम्प नावाच्या गृहस्थानं डाउनची पद्धत आणली आणि खेळ रग्बीपासूनही वेगळा झाला. बॉल पुढं फेकायची मुभा तर १९०६ मध्ये मिळाली. नुसत्या ढकलाढकलीत पोरं मरायला लागली होती, म्हणून खेळ मोकळा करावा लागला. नाव मात्र जुनंच राहिलं. त्यात विशेष काही नाही, आपणही सात रस्त्याला जाऊन रस्ते मोजत बसत नाही.

मग सगळे सगळ्यांशी खेळत का नाहीत?

घोळ इथून सुरू होतो. २०२४ च्या हंगामात कॉलेज फुटबॉलच्या सर्वांत वरच्या गटात १३४ संघ होते. एका सामन्यात अंगाचं इतकं भुसकट होतं, की आठवड्याला एकच सामना झेपतो. त्यात ही पोरं कागदावर तरी विद्यार्थी. त्यामुळं प्रत्येकाच्या वाट्याला नेहमीच्या हंगामात बाराच सामने येतात. १३४ संघ आणि बारा सामने, मग एक नंबर कोण हे ठरवणार कसं?

कॉलेजांनी आपापले गट केलेत, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. ओहायो स्टेटचा गट बिग टेन. नावात दहा, संघ अठरा. गटातला विजेता खेळून ठरतो. पण एका गटातला पहिला आणि दुसऱ्या गटातला पहिला यांच्यात थोर कोण, याचा निकाल कितीतरी वर्षं मैदानावर लागतच नव्हता.

तो लागायचा आपल्या गणेश मंडळांच्या स्पर्धेसारखा. परीक्षक रात्री फिरतात, देखावा बघतात, लेझीमचा डाव बघतात, वहीत गुण मांडतात. दोन मंडळं समोरासमोर कधीच येत नाहीत, तरी एक पहिलं येतं, आणि दुसऱ्या दिवशी निम्मं शहर म्हणतं, परीक्षक विकले गेले. तिकडं हे परीक्षक म्हणजे क्रीडा पत्रकार. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६ पासून त्यांची मतं घेऊन क्रमवारी लावते. दुसरी एक क्रमवारी प्रशिक्षकांच्या मतांवर लागायची. दोन्हींचं जमलं नाही, की देशाला दोन विजेते. १९९७ मध्ये पत्रकारांनी मिशिगनला पहिलं ठरवलं, प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. दोघेही एकही सामना न हरलेले. दोघांत सामना झालाच नाही, आता कधी होणारही नाही.

तात्यांना हे पटेना. ‘अरे, एवढा चंद्रावर गेलेला देश आणि एक मॅच लावता आली नाही?’

लावली, पण बेताबेतानं. १९९८ पासून मतं आणि कॉम्प्युटरचं गणित यांची खिचडी करून पहिले दोन संघ काढायचे आणि त्यांची झुंज लावायची, असं ठरलं. २०१४ पासून तेरा जणांची निवड समिती चार संघ निवडू लागली, म्हणजे उपांत्य आणि अंतिम सामना आला. २०२४ च्या हंगामापासून चाराचे बारा झाले. या बाद फेरीला प्लेऑफ म्हणतात, आयपीएलमुळं हा शब्द आता आपल्याकडं घरचाच झालाय.

एक गंमत सांगतो. २०१४ मध्ये चार जणांचं दार पहिल्यांदा उघडलं, तेव्हा चौथ्या क्रमांकावरून आत शिरून कप नेला तो ओहायो स्टेटनं. २०२४ मध्ये बारा जणांचं दार उघडलं, तेव्हा आठव्या क्रमांकावरून शिरून नेला, तोही ओहायो स्टेटनंच.

आदल्या वर्षी न हरलेलाच बाहेर

आता तात्यांच्या मूळ प्रश्नाकडं येतो. त्यासाठी एक वर्ष मागं जावं लागतं.

२०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेटचा संघ तेरा सामने खेळला आणि तेराही जिंकला. आपल्या गटाचा विजेता. पण हंगाम संपता संपता त्यांचा क्वार्टरबॅक जायबंदी झाला. समितीनं म्हटलं, आता हा संघ पहिल्यासारखा राहिला नाही, आणि त्यांना पाचवं ठेवलं. जागा होत्या चार. एकदाही न हरलेला संघ घरी बसला आणि एक-एक सामना हरलेले टेक्सस आणि अलाबामा आत गेले.

म्हणजे एका हंगामात शून्य पराभव असून दार बंद, आणि पुढच्याच हंगामात दोन पराभव असून कप हातात. पोरं तशीच, खेळही तोच. बदललं होतं फक्त दार. तात्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ एक फुटाणा बोटांत फिरवत बसले.

नवं दार असं होतं: पाच वरचे गटविजेते आपोआप आत, उरलेल्या सात जागा समितीच्या क्रमवारीनं. त्यातही पहिले चार मानांकन गटविजेत्यांसाठी राखून ठेवलेले, आणि त्या चौघांना पहिल्या फेरीत खेळायचंच नाही. ओहायो स्टेट समितीच्या यादीत सहावं होतं. जुनी चारांची पद्धत असती, तर खेळ खल्लास. नव्या पद्धतीत आत तर आले, पण त्यांच्या मागचे दोन गटविजेते राखीव जागांवर वर सरकले आणि हे आठवे झाले.

याचा फटका बसला तो ओरेगनला. हा एकटा संघ तेरापैकी तेरा जिंकून आलेला, यादीत पहिला. पण आठवा-नववा यांच्यातला विजेता पहिल्याशी खेळणार, आणि आठवा म्हणून बसलेला ओहायो स्टेट प्रत्यक्षात आठव्या दर्जाचा मुळीच नव्हता. पहिला आल्याचं बक्षीस म्हणून ओरेगनला पहिल्याच सामन्यात वाघ मिळाला. त्या वर्षी विश्रांती मिळालेले चारही संघ आपला पहिला सामना हरले. लोकांनी एवढा आरडाओरडा केला, की २०२५ पासून मानांकन थेट क्रमवारीनुसार द्यायचं ठरलं.

ते दोन पराभव

पहिला पराभव १२ ऑक्टोबर २०२४ चा, ओरेगनच्याच मैदानावर, ३२-३१ असा. तो मी पाहिला होता, म्हणून त्यातला एक प्रसंग सांगितल्याशिवाय राहवत नाही. दहा सेकंद उरलेली, बॉल ओहायो स्टेटकडं. थोडं पुढं सरकून एक फील्ड गोल मारला, की जिंकले. ओरेगननं काय केलं? अकराऐवजी बारा गडी उतरवले. बारावा माणूस ही चूक, तिची शिक्षा पाच यार्ड. पण तो डाउन खेळला गेला, बारा जणांत झेल कुणाला मिळाला नाही, आणि घड्याळातली चार सेकंदं गेली ती गेलीच. उरलेल्या सहा सेकंदांत क्वार्टरबॅक विल हॉवर्ड पळाला, घसरून खाली बसला, तोवर वेळ संपली.

‘ही तर वेळ काढायची जुनी कला!’ तात्या खूश. नियम करणाऱ्यांना मात्र ती कला आवडली नाही. थोड्याच दिवसांत त्यांनी नियम दुरुस्त केला, आता अशा वेळी घड्याळ मागं फिरवता येतं.

दुसरा पराभव खरा बोचरा. ३० नोव्हेंबर, घरचं मैदान, समोर मिशिगन. हे शेजारच्या राज्यातलं विद्यापीठ आणि १८९७ पासूनचं वैर. या सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर लाल फुल्या मारतात, मिशिगनचं नाव तोंडानं घेत नाहीत, ‘ते वरच्या बाजूचे’ असं म्हणतात. त्या वर्षी मिशिगन अगदी सुमार होतं, अकरापैकी पाच सामने हरून आलेलं. ओहायो स्टेट हसत जिंकणार असं सगळ्यांनी धरलेलं. निकाल लागला मिशिगन १३, ओहायो स्टेट १०. दोन फील्ड गोल हुकले, हॉवर्डचे दोन पास समोरच्यांनी झेलले. सामना संपल्यावर मिशिगनच्या पोरांनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, हाणामारी झाली, पोलिसांना डोळ्यांत जाणारा तिखट फवारा मारावा लागला.

मिशिगनकडून हरण्याची ही लागोपाठ चौथी वेळ. संघात शेवटच्या वर्षाची पोरं होती, त्यातली काही व्यावसायिक फुटबॉलमध्ये पैसे कमवायला जाऊ शकली असती. एकदा तरी मिशिगनला हरवायचं, गट जिंकायचा, कप आणायचा म्हणून ती थांबली होती. गावच्या यात्रेत शेजारच्या गावाच्या पैलवानाकडून चार वर्षं ओळीनं पाठ लावून घेतल्यावर गावात तोंड कसं दाखवायचं, ते कुस्तीवाल्याला विचारा. प्रशिक्षक रायन डे यांना काढा म्हणून शहरानं ओरड सुरू केली.

या पराभवानं गटाचा अंतिम सामनाही हुकला. म्हणजे हा पुढं झालेला देशाचा विजेता स्वतःच्या गटातही पहिला नव्हता.

आणि मग एक महिना

२१ डिसेंबरला पहिली फेरी, कोलंबसच्याच कडाक्याच्या थंडीत. टेनेसीवर पहिल्या पंधरा मिनिटांत २१-०, शेवटी ४२-१७. १ जानेवारीला पुन्हा ओरेगन. या वेळी एका क्षणी फलक ३४-० दाखवत होता, निकाल ४१-२१. न हरलेला संघ संपला तो असा. तात्यांच्या प्रश्नाचं उत्तर शब्दशः एवढंच.

उपांत्य सामना १० जानेवारीला टेक्सस राज्यात, टेक्ससच्याच संघाशी. इथं मी चादर पुन्हा सरळ केली, कारण ही जागा बघण्यासारखी आहे. ओहायो स्टेट २१-१४ पुढं, तीनेक मिनिटं शिल्लक. बॉल टेक्ससकडं आणि एंड झोन फक्त एक यार्डावर. एक यार्ड, चार प्रयत्न. मी खारीक चादरीच्या किनारीला जवळजवळ टेकवून ठेवली. तात्या म्हणाले, ‘गेलं आता.’

पहिल्या प्रयत्नात काही नाही. दुसऱ्याला सरळ घुसायचं सोडून टेक्ससनं बॉल बाजूला काढला आणि पकड अशी बसली, की सात यार्ड मागं. तिसऱ्या प्रयत्नात पास वाया. चौथा, करो या मरो. टेक्ससचा क्वार्टरबॅक क्विन इवर्स बॉल फेकायला हात मागं नेतो, तेवढ्यात जॅक सॉयर त्याच्यावर आदळतो, बॉल हातातून सुटतो, सॉयरच्याच हाती लागतो आणि तो पळत सुटतो. ८३ यार्ड. पावणेचार पिचं. खारीक चादरीच्या या टोकापासून त्या टोकाला. २८-१४, संपलं. इवर्स आधी ओहायो स्टेटमध्येच होता, सॉयरचा खोलीमित्र. आणि सॉयर कोलंबसच्या जवळचाच, घरचा पोरगा.

तात्यांनी मांडीवर थाप मारली. हा खेळ त्यांना तिथं कळला.

अंतिम सामना २० जानेवारीला अटलांटात, नोत्र दाम विद्यापीठाशी. आपल्याकडं २१ तारखेची पहाट उलटत होती. हॉवर्डनं पहिले तेराच्या तेरा पास बरोबर पोचवले. ३१-७ अशी आघाडी झाली, मी चहा ठेवायला उठलो. परत येतोय तोवर नोत्र दामवाले ३१-२३ वर येऊन ठेपले होते. शेवटी तिसरा डाउन, अकरा यार्ड हवेत. इथं सगळे जपून खेळतात. हॉवर्डनं बॉल लांब भिरकावला आणि जेरेमाया स्मिथ या पहिल्या वर्षाच्या पोरानं तो घेतला. ५६ यार्डांचा पास. त्यावर एक फील्ड गोल, ३४-२३.

पण हरलेले ते हरलेलेच ना?

हा आक्षेप तात्यांचा एकट्याचा नाही. अमेरिकेतही पुष्कळ जण म्हणतात, की या खेळात पूर्वी प्रत्येक शनिवारला जी धार होती, ती गेली. एक पराभव म्हणजे हंगाम संपला, ही भीती होती, म्हणून सप्टेंबरचा सामनाही जिवावर उदार होऊन खेळायचे. आता दोनदा हरलं तरी चालतं.

यात तथ्य आहे. पण आपल्याला हे नवं वाटू नये. २०१६ च्या आयपीएलमध्ये सनरायझर्स हैदराबाद साखळीत तिसरे होते, कप त्यांनीच नेला. आपण कुणी म्हटलं नाही, की साखळीतल्या पहिल्याला द्या. साखळी सांगते की वर्षभर चांगलं कोण खेळलं. बाद फेरी सांगते की शेवटच्या महिन्यात कोण भारी पडलं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि चॅम्पियन हा शब्द आपण कोणत्या गोष्टीला लावायचा, ते आधी ठरवून मग खेळायचं असतं. ओहायो स्टेटनं नियम मोडला नाही. त्यांनी लागोपाठ चार बलाढ्य संघ हरवले, चौघांनाही दहापेक्षा जास्त गुणांनी. मला तर परीक्षकांच्या वहीपेक्षा हे बरं वाटतं. फ्लोरिडा स्टेटवर झालं ते पाहिल्यावर तर जास्तच.

ओरेगनवाल्यांना मात्र मी हे तोंडावर सांगणार नाही.

कॉलेजची पोरं, की भाड्याचे पैलवान?

तात्यांची शेवटची शंका लाख माणसांबद्दल. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख. म्हणजे शहरातला दर नववा माणूस एका मैदानात. कोलंबसचं हे नालेच्या आकाराचं स्टेडियम १९२२ पासून उभं आहे. आपल्याकडं आंतरविद्यापीठ सामन्यांना खेळाडूंचे मित्र आणि दोन प्राध्यापक सोडून कुणी फिरकत नाही, म्हणून आपल्याला हे खोटं वाटतं. तिकडं शेकडो गावं-शहरं अशी आहेत, जिथं व्यावसायिक संघच नाही. मग कॉलेज हाच गावचा संघ.

लाख माणूस आलं, की पैसा आला. टीव्हीचे करार अब्जावधी डॉलरचे. पण २०२१ पर्यंत खेळणाऱ्या पोराला शिष्यवृत्ती, राहणं-खाणं आणि किरकोळ भत्ता यापलीकडं काही घ्यायची मुभा नव्हती. त्या वर्षी नियम बदलला आणि खेळाडूला स्वतःचं नाव, फोटो, प्रसिद्धी यांवर कमावता येऊ लागलं. त्याच सुमारास कॉलेज बदलणंही सोपं झालं. तालीम बदलावी तशी पोरं आता विद्यापीठ बदलतात. हॉवर्ड कॅन्सस स्टेटहून आलेला, बचावातला केलेब डाउन्स अलाबामाहून, अंतिम सामन्यात तीन टचडाउन करणारा क्विनशॉन जडकिन्स मिसिसिपीहून.

या संघातल्या खेळाडूंच्या खिशात त्या हंगामात साधारण दोन कोटी डॉलर गेले, असं विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखांनीच सांगितलं होतं. आपले १७० कोटी रुपये. आयपीएलच्या २०२५ च्या लिलावात एका संघाला खर्च करायची मर्यादा होती १२० कोटी! इथं पोरं चौपट असतात हे खरं, तरी कॉलेजचा संघ आयपीएलच्या पुढं गेला. प्रशिक्षक डे, ज्यांना नोव्हेंबरात घालवायला निघाले होते, त्यांना कप जिंकल्यावर वर्षाला सव्वा कोटी डॉलरचा नवा करार मिळाला. शंभर कोटी रुपयांच्या वर. विद्यापीठ सरकारी आहे बरं का. अमेरिकेत कितीतरी राज्यांत सर्वांत जास्त पगाराचा सरकारी नोकर हा राज्यपाल नसतो, फुटबॉलचा प्रशिक्षक असतो.

मग हे भाड्याचे पैलवान? मला वाटतं, आधी फुकटात राबवत होते, त्यापेक्षा हे प्रामाणिक आहे. डोक्याला मार बसून पुढं आयुष्यभर त्रास होणारा हा खेळ आहे, आणि सगळ्यांना त्यात पुढं नोकरी मिळत नाही. या संघातली चौदा पोरं २०२५ मध्ये व्यावसायिक लीगनं निवडली. चौदा हा फार मोठा आकडा मानतात. उरलेल्यांचं काय, ते कुणी व्हिडिओत टाकत नाही.

तात्यांनी चादर झटकली. फुटाणे-शेंगदाणे आधीच संपले होते, त्यांनी आणि मी मिळून.

त्यानंतर महिनोन्महिने ते नातवाला एकच विचारत राहिले, त्या वरच्या बाजूच्यांना हरवलं का. अभ्यास, नोकरी, जेवण, मग हा प्रश्न. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीला एका रविवारी सकाळी ते स्वतःच माझ्या दाराशी आले, मोबाइल पुढं धरून. २७-९. मिशिगनमध्ये जाऊन हरवलं होतं.

पुढं त्या हंगामाचा कप कोलंबसला आला नाही, दुसऱ्यांनीच नेला. मी ते सांगायला गेलो, तर तात्या भाकरी खात होते.

‘कप राहू दे बे,’ म्हणाले, ‘तो मागच्या वर्षी आणलाय.’